रानातले पेव आणि उसन्या नावांचा घोळ

मृगाचा पाऊस स्थिरावला की सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोणच्या रानवाटांवर, ओहोळांच्या काठाने आणि कुळागरांच्या वईबाहेर एक हिरवी काठी जमिनीतून वर येते. ती सरळ वाढत नाही. वर जाता जाता ती स्वतःभोवती वळसा घेते आणि तिच्यावरची पानेही तिच्याबरोबर गोल फिरत चढतात. श्रावणापर्यंत ती माणसाच्या उंचीची होते, टोकाला तांबडे बोंड धरते आणि त्या बोंडातून रोज एखाददुसरे पांढरे, पातळ, चुरगळलेल्या रेशमासारखे फूल बाहेर पडते. हे पेव. चोर्ला घाट चढताना किंवा मोलेच्या रस्त्याने जाताना ते अनेकांच्या नजरेस पडते. नावाने ओळखणारे मात्र थोडेच. कोणी त्याला रानआले म्हणतो, कोणी रानहळद. औषधी मुळ्यांच्या व्यवहारात ते कधी कोष्ठ ठरते, कधी पुष्करमूळ. आणि अलीकडे मधुमेहावरच्या ‘इन्सुलिनच्या पानां’शीही त्याची गाठ घातली जाऊ लागली आहे. ही सारी नावे दुसऱ्या कुणाची तरी आहेत, आणि त्यांचा घोळ केवळ शब्दांपुरता राहत नाही.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार या झाडावरून आलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोदलेल्या कोठारालाही पेव म्हणतात. वाक्प्रचार त्या पेवाचा. तरीही जूनमध्ये एका कंदातून पाचसात कोंब एकदम उसळून आलेले पाहिले की हा योगायोग गमतीचा वाटतो.

पेवाची ओळख पटवायला पुस्तक लागत नाही. खोडाकडे वरून पाहावे. आल्याच्या रोपाला पाने समोरासमोरच्या दोन रांगांत येतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. पेवाला अशा रांगा नाहीत. तेथे प्रत्येक पान आधीच्या पानाच्या किंचित पुढे आणि किंचित वर बसलेले असते, जणू गोल जिन्याची एकेक पायरी. वनस्पतिसृष्टीत पानांची फिरती मांडणी दुर्मीळ नाही, परंतु बहुतेक झाडांत एका पानापासून पुढचे पान सुमारे १३७ अंशांवर, म्हणजे जवळजवळ पलीकडच्या बाजूला असते. पेवाच्या कुळात हा कोन फारच लहान. त्यामुळे पानांची एकच सलग माळ खोडाभोवती गुंडाळल्यासारखी दिसते, आणि खोडही तिच्यासंगे पीळ घेते. हा जिना पाहिला की पेव ओळखू आलेच. इंग्रजीत या कुळाला ‘सर्पिल आले’ अशा अर्थाचे नाव आहे ते यामुळेच.

दुसरी खूण नाकाची. हळदीचे पान चुरगळले की पातोळ्यांचा वास दरवळतो. आले, सोनटक्का, रानहळद, या साऱ्यांच्या पानांत वा कंदांत सुगंधी तेल असते. पेवाचे पान चुरगळा, कंद मोडा, हिरव्या ओलसर गवतापलीकडे काही जाणवत नाही. एकेकाळी शास्त्रज्ञ पेवाला आल्याच्याच कुळात धरत. पानांची मांडणी, सुगंधी तेलाचा अभाव आणि फुलाची रचना या भेदांमुळे विसाव्या शतकात त्याचे कुळ वेगळे मानले गेले. आले आणि पेव सख्खे नव्हेत. चुलत म्हणता येतील.

तिसरी खूण स्पर्शाची, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. पानाच्या खालच्या बाजूवर बोट फिरवले तर बारीक रेशमी लव लागते.

फुलाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण जे आपण पाकळी समजतो ते पाकळी नसते. पेवाला खऱ्या पाकळ्या तीन; त्या मागे राहतात आणि नजरेत भरत नाहीत. पुढे पसरलेला तो पांढरा, कडा चुरगळलेला, गळ्याशी पिवळसर असलेला कर्णा पुंकेसरांचा आहे. या फुलाच्या मूळ आराखड्यात सहा पुंकेसर. त्यांतील पाच परागकण निर्माण करण्याचे काम सोडून, रुंद होऊन, एकमेकांना जुळून हा कर्णा बनले. आल्याच्या कुळात अशी दिखाऊ ‘ओठ’पाकळी दोनच पुंकेसरांची बनलेली असते, पेवात पाचांची. उरलेला एकटा पुंकेसर पराग देतो, पण तोही पाकळीसारखा रुंद होऊन कर्ण्याच्या तोंडावर झुकलेला असतो. त्यामुळे आत जाण्याची वाट अरुंद होते. भुंग्यासारखी अंगाने मोठी मधमाशी मधासाठी त्या वाटेने आत शिरली की तिची पाठ वरच्या पुंकेसराला घासते, आणि पाठीवर पराग घेऊन ती दुसऱ्या फुलाकडे जाते. लहान माशीला या व्यवस्थेत स्थान नाही. ती पाठ न लागू देता आत-बाहेर करू शकते.

एकेक फूल एका दिवसाचे. सकाळी उमलते, संध्याकाळी मलूल होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बोंडातून दुसरे. म्हणून ते बोंड काही आठवडे फुललेले भासते, प्रत्यक्षात मात्र त्यावर कधीच फुलांचा बहर नसतो. छायाचित्रांत गुच्छ शोधणाऱ्यांची त्यामुळे निराशा होते. सोनटक्क्याप्रमाणे सुगंध नाही, गुलाबाप्रमाणे टिकाऊपणा नाही. देवाच्या परडीत पेवाचे फूल क्वचितच दिसते ते बहुधा यामुळेच.

बोंडावर मुंग्या जवळजवळ हमखास आढळतात. त्या फुलातील मधासाठी आलेल्या नसतात. या कुळातील अनेक जातींत फुलांना आधार देणाऱ्या तांबड्या छदांवर बाहेरच्या अंगाला गोड स्राव होतो. मुंग्या त्यासाठी येतात आणि पहाऱ्याचे काम करतात. मध्य अमेरिकेतील पेवाच्या भाऊबंदांवर झालेल्या अभ्यासात मुंग्यांना दूर ठेवले असता बिया खाणाऱ्या माश्यांचा उपद्रव वाढलेला आढळला होता. आपल्या रानातही बोंडाला हात लावला की पहिला विरोध मुंग्यांचा होतो.

आता नावांकडे वळू. यातला सर्वांत जुना धागा गोव्यातूनच जातो.

प्राचीन काळी भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या सुगंधी मालात कुष्ठ किंवा कोष्ठ नावाच्या मुळीला मोठी मागणी होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या वृत्तान्तात भरुच बंदरातून निघणाऱ्या मालात तिचा उल्लेख आहे. ग्रीक आणि लॅटिनमध्ये ती ‘कोस्तुस’ झाली. ही मुळी येई हिमालयातील, सूर्यफुलाच्या कुळातील एका झुडपाची. मराठीत तिला उपलेट असेही म्हणतात. गोव्यात राहून वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात या मुळीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. जुने ग्रंथकार कोस्तुसचे अरबी, भारतीय, सीरियाई असे प्रकार सांगत. ओर्ताने ठामपणे म्हटले की वस्तू एकच, फक्त ती वेगवेगळ्या बंदरांतून वेगवेगळ्या नावांनी पोहोचते. गुजरातेत तिला काय म्हणतात तेही त्याने नोंदवले, ते आपल्या उपलेटच्याच जवळचे. पणजीतील चर्चजवळच्या उद्यानाला आज या ओर्ताचे नाव आहे. नावांच्या घोळामुळे औषध बदलते हे सांगणाऱ्या जुन्या लेखकांत त्याला मानाचे स्थान दिले पाहिजे.

पुढच्या पिढ्यांनी मात्र त्याचे ऐकले नाही. स्वीडनचा लिनियस याने १७५३ साली वनस्पतींना नावे देताना ‘कॉस्टस’ हे नाव भलत्याच वनस्पतीला बहाल केले. ज्या जातीला त्याने ‘अरेबिकस’ असे विशेषण जोडले ती अरबस्तानातली नव्हेच, ती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली, फिरत्या पानांची, पेवाची दूरची बहीण. इकडे तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत राहणाऱ्या योहान कोनिग या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या पेवाचे शास्त्रीय वर्णन केले; ते १७८३ साली प्रसिद्ध झाले. १७९१ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स एडवर्ड स्मिथ याने त्याला कॉस्टस या प्रजातीत बसवले आणि ‘कॉस्टस स्पेशिओसस’ हे नाव दोनशे वर्षे चालले. आनुवंशिक अभ्यासानंतर आशियातील ही मंडळी अमेरिका-आफ्रिकेतील कॉस्टसपासून वेगळी काढण्यात आली आणि आता पेवाचे ग्राह्य नाव ‘हेलेनिया स्पेशिओसा’ असे आहे. शास्त्रज्ञांनी उसने घेतलेले नाव अखेर परत केले, असे म्हणायला हरकत नाही. बाजाराने ते अजून परत केलेले नाही.

मधल्या काळात एक प्रामाणिक नोंदही झाली होती, तिचा उल्लेख गोमंतकीयांनी आवर्जून करावा. कोचीनचा डच अधिकारी व्हान रीड याने सिद्ध केलेला ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी मलयाळी वैद्य इट्टी अच्युदन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी माहिती पुरवली. त्यांची साक्ष नागरी लिपीत या ग्रंथात छापलेली आहे. या ग्रंथात पेव आहे ते त्याच्या मलयाळी नावाने, ‘चन्नकूव’ म्हणून. कूव हा शब्द केरळात हळद-आरारूटसारख्या कंदांसाठी वापरतात. म्हणजे ज्यांनी झाड डोळ्यांसमोर ठेवून नाव दिले त्यांनी ते योग्य शेजारात बसवले. हिमालयातील मुळीशी त्याचा संबंध जोडला नाही.

आयुर्वेदाच्या परंपरेतही पेवाला स्वतःचे नाव आहे, केमुक किंवा केबुक. कुष्ठ वेगळे, पुष्करमूळ वेगळे, केमुक वेगळे. पुष्करमूळ हीही वायव्य हिमालयातील, सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती. मराठीत पेवाला पुष्करमूळ म्हणण्याची चाल कशी पडली हे सांगणे कठीण; पण हिमालयातील मुळी महाग आणि दुर्लभ, आणि सह्याद्रीतला कंद हाताशी, एवढे कारण पुरेसे असावे. नावाने झाकलेली ही अदलाबदल दोन्ही बाजूंनी हानिकारक आहे. रोग्याला ठरलेले द्रव्य मिळत नाही, आणि रानातला कंद विनाकारण उपटला जातो. खरे कुष्ठ आज जगातून नाहीसे होण्याच्या काठावर असलेल्या वनस्पतींत मोडते. १९८५ पासून वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या सर्वांत कडक यादीत ते आहे. ज्या वनस्पतीला असे संरक्षण लागते तिचे नाव रस्त्याकडेच्या झाडाला चिकटलेले असणे ही साधी बाब नाही.

आता राहिला ‘इन्सुलिन’चा विषय, आणि गोव्यात तो टाळून चालणार नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, प्रौढांमध्ये २६.४ टक्के, संपूर्ण देशाचे प्रमाण ११.४ टक्के. ज्या राज्यात दर चार प्रौढांपैकी एक या विकाराने ग्रासलेला आहे, तेथे पानावर इन्सुलिन मिळते म्हटल्यावर कुंडी कोणाच्या घरी नसेल?

रोपवाटिकांत ‘इन्सुलिन प्लांट’ म्हणून जे विकले जाते ते पेव नव्हे. ते पूर्व ब्राझीलमधून आलेले, पेवाच्याच कुळातील, बुटके झाड; शास्त्रीय नाव चामीकॉस्टस कस्पिडेटस. त्याची पानेही फिरत्या जिन्यासारखी असतात, मात्र ती खालून जांभळट असतात आणि फूल नारिंगी येते. पेवाचे फूल पांढरे, पान खालून फिक्या हिरव्या रंगाचे आणि लवदार. कुंडीतले झाड आणि रानातले झाड एकाच कुळातले असल्याने एकाची कीर्ती दुसऱ्याकडे जाते आणि रानातले पेव ‘देशी इन्सुलिन’ म्हणून तोडले जाते.

पहिली गोष्ट अशी की या पानांत इन्सुलिन असते असे समजून ती खाण्याला अर्थ नाही. इन्सुलिन हे प्रथिन आहे. पोटात गेले की ते इतर प्रथिनांप्रमाणे पचून जाते. म्हणूनच मधुमेहाचे रुग्ण ते सुईने घेतात. या पानांत रक्तातील साखर उतरवणारी अन्य द्रव्ये असू शकतात, आणि उंदरांवरील प्रयोगांत तसा परिणाम दिसल्याचे शोधनिबंध आहेत. पण उंदरावरचा परिणाम आणि माणसाने रोज किती पाने, किती दिवस खावीत याचे उत्तर यांत फार अंतर आहे. हे अंतर न ओलांडता गोळ्या बंद करणे धोक्याचे. आणि गोळ्यांबरोबर पानेही चालू ठेवायची असतील तर ते डॉक्टरांना सांगणे भाग आहे, कारण साखर फार खाली जाणेही तितकेच वाईट.

पेवाच्या कंदाबाबत तर अधिक जपायला हवे. त्यात डायोस्जेनिन नावाचे द्रव्य असते. याच द्रव्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यात जगभरचा संप्रेरकांचा उद्योग उभा राहिला. मेक्सिकोतील रानकंदांपासून ते काढून त्याची संप्रेरके बनवण्याचा मार्ग रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात दाखवला आणि गर्भनिरोधक गोळीची वाट त्यातून मोकळी झाली. भारतात हिमालयातील एका रानकंदातून हे द्रव्य मिळवत. तो कंद भरमसाट खणला गेला, तेव्हा पर्याय म्हणून लागवडीसाठी पेवावर प्रयोगशाळांनी लक्ष केंद्रित केले. पुढे सोयाबीनपासून मिळणारे स्वस्त द्रव्य पुढे आले आणि पेवाचे औद्योगिक महत्त्व ओसरले. मात्र ज्या कंदातील द्रव्ये संप्रेरकांच्या इतकी जवळची आहेत, तो ‘नैसर्गिक’ म्हणून गरोदर स्त्रीने खाणे अविचाराचे होय. कोकणात काही ठिकाणी पेवाच्या कोवळ्या पानांची भाजी पावसाळ्यात करतात. ओळखीच्या हातांनी खुडून, शिजवून, हंगामात एकदोनदा खाल्लेली भाजी आणि रोज उपाशीपोटी घेतलेला कंदाचा रस, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

पेव दुर्मीळ झालेले नाही. भारतापासून दक्षिण चीन, आग्नेय आशिया ते न्यू गिनीपर्यंत त्याचा मूळ प्रदेश पसरलेला आहे. बागेसाठी ते दूरच्या देशांत नेले गेले तेव्हा पॅसिफिक महासागरातील काही बेटांवर ते इतके माजले की तेथे आता ते उपद्रवी म्हणून काढून टाकावे लागते. मूळ घरी असे होत नाही, कारण येथे त्याच्याबरोबर वाढलेल्या अळ्या, बुरशी आणि शेजारची झाडे त्याला आवरतात. तेव्हा पेव वाचवा म्हणून आरोळी ठोकण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती वेळेबद्दलची. रस्त्याकडेची झाडोरा-सफाई बऱ्याचदा ऐन पावसाळ्यात, चतुर्थीच्या आधी होते. पेवाचे फूल काठीच्या टोकाला, एका काठीला एकदाच. फुलण्याच्या तोंडावर काठी छाटली की कंद जिवंत राहतो, कदाचित नवा कोंबही येतो, पण त्या काठीचे फूल आणि बी त्या वर्षापुरते गेले. वळणांवर वाहनचालकाला समोरचे दिसावे म्हणून छाटणी लागतेच. पण सरळ रस्त्याच्या कडेला, गटारापलीकडे, दोनतीन महिने थांबता येते. ज्या ठिकाणी भुंगे येतात त्या ठिकाणच्या परसातील भोपळा-दोडक्यांनाही त्यांचा उपयोग होतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

पावसाळा सरला की बोंड अधिक लाल होते. फळे उकलतात आणि आत काळ्या बिया दिसतात, प्रत्येकीवर पांढरा मांसल गर. लाल, काळा आणि पांढरा अशा रंगसंगतीकडे पक्षी आकृष्ट होतात आणि बी वाहून नेतात. खाली सांडलेल्या बिया मुंग्या गरासाठी ओढून नेतात. पुढे उन्हाळा जवळ येतो तसतशी पाने खालून वर पिवळी पडत जातात आणि काठी वाळून मोडते. त्या वेळी तेथे पेव होते हे सांगणारी एकच खूण उरते, पीळ पडलेली तपकिरी काठी. ती उचलून पाहिली तर गळून गेलेल्या पानांच्या खुणांची ओळ तिच्यावर अजूनही गोल फिरत वर गेलेली दिसते.